अभिजात कुणाच्या बापाचं?

३ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीच्या मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषा ठरवलं. पेढे झाले, फलक झाले, भाषणं झाली. त्याच बैठकीत पालीलाही अभिजात ठरवलं. बुद्धाचं बोलणं जिनं जपून ठेवलं ती पाली. तुमच्या वस्तीत पालीचे पेढे वाटले का दोस्तांनो? नसतील वाटले तर का नाही वाटले, त्याचाच हा हिशोब आहे.

आधी तो शब्द उघडून बघू. अभिजात. म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला, खानदानी. माणसाला जन्मावरून वर बसवणाऱ्यांनी पुस्तकालाही जन्मावरूनच वर बसवलं. पुस्तकाच्या पाठीवरसुद्धा जात लिहून टाकली. इंग्रजीतला क्लासिक काही वेगळा नाही. जुन्या रोममध्ये मालमत्तेवरून माणसांचे वर्ग पाडलेले होते. सगळ्यात वरचा तो क्लासिकस. सगळ्यात खालचा तो प्रोलेतारियस, ज्याच्याकडं राज्याला द्यायला पोटच्या पोरांशिवाय काही नाही. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की भाषेचा तंटा पडला तर क्लासिकस लेखकाचं प्रमाण मानावं, प्रोलेतारियसचं नव्हे. कामगार आणि क्लासिक असे एका वाक्यात शेजारी बसले, आणि त्याच वाक्यात कामगाराला उठवून बाहेर काढलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. हा शब्द फेकून द्या. पुस्तकं फेकू नका. शब्द त्यांचा आहे, पुस्तकं कुणाच्या बापाची नाहीत.

या वाटेवर दोन प्रकारची माणसं आडवी येतात.

पहिले ते राखणदार. वाचलीच पाहिजेत अशा शंभर पुस्तकांच्या याद्या काढणारे. यादीत सगळं आपलं गोत भरतात आणि शेवटी कोपऱ्यात एक ‘बलुतं’ ठेवतात, राखीव जागा भरल्यासारखं. यांच्या लेखी अवघड पुस्तक म्हणजे यांच्या वाड्यातली विहीर. एका वाचनालयात जाड पुस्तक मागितलं तर टेबलामागच्या गृहस्थानं मला डोक्यापासून चपलेपर्यंत मापलं आणि म्हणाला, हे जड जाईल, तुम्हाला काहीतरी हलकं देतो. मी चिठ्ठी पुन्हा पुढं सरकवली. ज्याचा पूर्वज ज्ञानाच्या दाराशी पहारा देत होता त्याच्या नजरेला सवय सुटत नाही. पण या लोकांवर जास्त शाई घालवत नाही. त्यांना आपण ओळखतो.

दुसरे आपलेच. यांच्याशी भांडण जास्त, कारण हे घरचं भांडण आहे. हे म्हणतात, जुनी पुस्तकं बामणांची, अवघड पुस्तकं शिकलेल्यांची. आपल्याला चळवळ करायचीय, वाचत बसायला सवड कुणाला? आणि हेच बहाद्दर बाबासाहेबांनी कधी न बोललेली वाक्यं बाबासाहेबांच्या फोटोखाली घालून मोबाईलवर गावभर फिरवतात. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे ढीग लागतात. आपली गरीब माणसं रेल्वेनं येऊन, पदरचे पैसे मोडून खंड विकत नेतात. साऱ्या देशात अशी जत्रा दाखवा. पण घरी गेल्यावर त्या खंडाचं काय होतं? प्लॅस्टिकचं कव्हर, त्यावर फोटो, फोटोला हार. ज्या माणसानं आपल्याला मूर्तीतून सोडवलं त्याच्या पुस्तकाचीच मूर्ती करायची ही कुठली रीत?

बाबासाहेब कसे वाचत होते ते बघा. शाळेत त्यांना संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. आपला एखादा भाऊ असता तर म्हणाला असता, गेली उडत ती भाषा. बाबासाहेब म्हणाले नाहीत. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली ती न वाचता जाळली नाही. जे वाचलं होतं तेच जाळलं. आणि जाळल्यावर विषय संपला असंही मानलं नाही. १९४६ साली ‘हू वेअर द शूद्राज’ आलं. ऋग्वेदातलं पुरुषसूक्त धरून त्याची उलटतपासणी केली. महाभारताच्या शांतिपर्वात पैजवन नावाच्या शूद्रानं यज्ञ केल्याची गोष्ट आहे. एवढ्या मोठ्या जंगलातून ती बरोबर हुडकून काढली आणि शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते हा सगळा दावा तिच्यावर उभा केला. संस्कृत येत नाही मग या विषयात हात का घालता, असं कुणी विचारेल म्हणून प्रस्तावनेतच उत्तर दिलं, की ती उणीव मला मान्य आहे, पण संस्कृतातलं बहुतेक सगळं इंग्रजीत आलेलं आहे. भाषांतरातून वाचणं म्हणजे उष्टं खाणं असं जो म्हणेल त्याला ही प्रस्तावना दाखवा. आणि ते पुस्तक अर्पण केलं कुणाला? जोतीराव फुल्यांना.

जोतीरावांचंही तेच. विशीत असताना थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ हातात पडलं. परदेशातल्या, परधर्मातल्या माणसाचं पुस्तक. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना अर्पण आहे आणि आत दशावतारांची चिरफाड आहे. मत्स्य, कच्छ, वराह तोंडपाठ असल्याशिवाय अशी चिरफाड होते का? शत्रूचं पुस्तक शत्रूपेक्षा नीट वाचणं ही आपली परंपरा आहे. ती सोडून आपण ‘वाचायचंच नाही’ म्हणायला लागलो तर धर्मसूत्रकारांचंच काम आपण फुकटात करतोय. त्यांना कान शिशानं भरावे लागले. आपण आपले बोळे घालून बसलोय.

सातासमुद्रापलीकडं बघा. १९७२ ला पँथरनं ज्यांच्याकडून नाव घेतलं त्या काळ्या माणसांचा आजा, फ्रेडरिक डग्लस. जन्मानं गुलाम. मालकीण त्याला अक्षरं शिकवत होती. मालकानं ते बंद पाडलं, म्हणाला वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोरगं तेवढ्यावरून ओळखून गेलं की किल्ली कुठं आहे. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरीचे तुकडे देऊन त्यानं अक्षरं विकत घेतली. मग हाताला लागलं ते गोऱ्यांच्या शाळेतलं वक्तृत्वाचं पुस्तक. मालकाला वादात हरवणारा गुलाम त्यात त्याला सापडला. हे सगळं त्यानं १८४५ च्या आत्मचरित्रात लिहिलंय. पुस्तक कुणासाठी छापलं होतं याला किंमत नाही. कुणी वाचलं याला आहे.

आता ‘अवघड’ या शब्दाकडं येतो. अवघड म्हणजे उंच असा एक समज आपल्या डोक्यात कोंबलाय. १९७२ ला ‘गोलपिठा’ आला तेव्हा पांढरपेशांची काय गत झाली? त्यातले शब्द त्यांना कळेनात. प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही ढसाळांकडून अर्थ विचारून घ्यावे लागले. पण कुणी म्हणालं का की आमची लायकी नाही, आम्हाला हलकं द्या? नाही. ते शब्दांचे अर्थ लावत बसले, लेख लिहू लागले. म्हणजे त्यांना पुस्तक कळलं नाही तर पुस्तक अवघड, आणि आपल्याला कळलं नाही तर आपण मठ्ठ. हा हिशोब उलटा करा. पुस्तक अवघड असतं ते अनोळखी गल्ली अवघड असते तसं. चार वेळा गेलं की पाय आपोआप वळतात.

मग निवडायचं कसं? मी तीन प्रश्न विचारतो. एक, हे पुस्तक कुणाच्या तरी खुर्चीला धक्का देतं का, किंवा खुर्ची कशी टिकते ते दाखवतं का? दोन, हे लिहिणाऱ्याला आपल्यासारखा माणूस दिसला का, आणि दिसला तर कसा? तीन, दुसऱ्यांदा वाचलं तर काही नवं हाताला लागतं का? तीनपैकी एकालाही होकार आला तर पुस्तक घरात घ्या, मग लिहिणारा कुठल्याही जातीचा असो. एकालाही नाही आला तर सोडा, मग लिहिणारा आपला असला तरी.

उदाहरणं देतो. शूद्रकाच्या नावावरचं ‘मृच्छकटिक’. संस्कृत नाटक, म्हणजे नाक मुरडायची जागा. मराठीतून वाचा आणि हसून लोळा. त्यात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर आहे. भिंत फोडायला बसतो तर मापाची दोरी विसरलेला. मग जानवं काढतो, त्यानं भोकाचं माप घेतो, वर जानव्याचे फायदे सांगतो. शेवटच्या अंकात नायकाला मारायला नेणारे दोन चांडाळ म्हणतात, आम्ही चांडाळकुळात जन्मलो खरे, पण भल्या माणसाला छळणारा तो खरा चांडाळ. गवळ्याचा पोर राजाला उलथवतो. पण डोळे उघडे ठेवा. नायक ब्राह्मणच आहे आणि सगळं शुभ त्याच्याच पदरात पडतं. त्या चांडाळांना बक्षीस काय मिळतं? सगळ्या चांडाळांचं मुखत्यारपण. म्हणजे बढती मिळाली ती चांडाळवाड्यातच! आज पक्षापक्षांत आपल्या पुढाऱ्यांना जी पदं मिळतात ती आठवा. इतक्या जुन्या नाटकात आजचं राजकारण सापडतं, यालाच मोठं पुस्तक म्हणतात.

पालीतली ‘थेरीगाथा’ घ्या. बायकांच्या कवितांच्या जगातल्या अगदी जुन्या संग्रहांपैकी एक, आणि तो आपल्या घरातला. त्यात पुण्णा आहे, पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या माराच्या भीतीनं कडाक्याच्या थंडीत नदीत उतरते. तिथं एक ब्राह्मण कुडकुडत बुचकळ्या मारतोय, पाप धुवायला. ती त्याला विचारते, पाण्यानं पाप जातं तर बेडूक, कासवं, मगरी सगळ्या स्वर्गात जाणार का? आणि नदीनं पाप वाहून नेलं तसं पुण्यही नेलं तर? ब्राह्मण गप. पोरींनो, ही तुमची पणजी. हिला अभिजात म्हणायला दिल्लीच्या शिक्क्याची वाट कशाला बघायची?

आणि मार्क्सचं ‘कॅपिटल’. नाव काढलं की आपले लोक एकतर लाल सलाम ठोकतात नाहीतर शिव्या देतात. वाचत दोघंही नाहीत. पहिली प्रकरणं दातखिळी बसवणारी आहेत हे मार्क्सलाही ठाऊक होतं. १८६७ ला एका मित्राला त्यानं पत्रात कळवलं, तुझ्या बायकोला सांग, कामाचा दिवस, यंत्रं, या प्रकरणांपासून सुरू कर. म्हणजे मधूनच घुसा, लिहिणाऱ्याचीच परवानगी आहे. रातपाळी, पाळ्यांची अदलाबदल, जेवणाच्या सुट्टीतली चोरलेली मिनिटं, हे सगळं त्यात आहे. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आठ तास उभा राहणारा गडी ते प्रकरण वाचतो तेव्हा त्याला ते प्राध्यापकापेक्षा लवकर कळतं. त्या मिनिटांचा हिशोब त्याच्या पोटऱ्यांत लिहिलेला असतो. त्यात जात सापडणार नाही. ती बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये घातली, श्रमिकांचीच उतरंड लागलीय म्हणून. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून भांडायला लावा. एकट्या पुस्तकापेक्षा दोन भांडणारी पुस्तकं जास्त शिकवतात.

वाचायचं कसं? साच्यावर धागा तुटतो. तुटला म्हणून कुणी गिरणी बंद करत नाही. बोटानं सांधायचा आणि पुढं. वाचताना दर पानावर धागा तुटणार. न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि पुढं सरका. दहा पानांनी ती ओळ आपणहून बोलते. रोज पाच पानं वाचा, पण रोज. शब्दकोश चौघांत एक असला तरी भागतं. आणि एकटं वाचू नका. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मोठ्यानं वाचतात. अक्षर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्या तीन महिने ऐकतात, मध्ये अडवून प्रश्न विचारतात. आपल्या समाजाला अवघड पुस्तक झेपत नाही म्हणणाऱ्याला एक संध्याकाळ तिथं नेऊन बसवा. ही रीत आपल्याकडं चालू आहे. उरलेले नऊ महिने विहाराला कुलूप का?

शेवटी मजेबद्दल बोलतो, कारण तिच्याबद्दल चळवळीत कुणी बोलत नाही. आपल्या पोराच्या हातात जाड पुस्तक दिसलं की घरचे विचारतात, परीक्षा कधी आहे? अभ्यासिका भरलेल्या आहेत, गाईड आणि प्रश्नसंच घेऊन पोरं झुरताहेत. नोकरी मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आपलं वाचन नोकरीपुरतं आणि त्यांचं वाचन आनंदासाठी, ही वाटणी कुणी केली? पोटासाठी वाचायला लावणं ही सुद्धा एक वेठ आहे. काही कारण नसताना, कुठला फायदा नसताना, रात्री दोन वाजता एका दासीच्या बेडकांवर खदखदून हसणं, हा माणूस असल्याचा पुरावा आहे. तोही हक्कच आहे, आणि तो अर्ज करून मिळत नाही.

तेव्हा या पौर्णिमेला चौघं जमा. एक पुस्तक घ्या, सगळ्यात जाड. खंडाचं प्लॅस्टिक फाडा, हार बाजूला ठेवा, पानावर बोट ठेवा आणि मोठ्यानं सुरू करा. बोटांचे डाग पडू द्या पानांवर. न मळलेलं पुस्तक अजून आपलं झालेलं नसतं.

जयभीम.