नाताळात ओटा मोकळा ठेवा

डिसेंबर लागला की फोनवर नाताळसाठी सजवलेल्या किचनची चित्रं येऊ लागतात. पांढरीशुभ्र कपाटं, त्यांच्या कडांना प्लास्टिकच्या हिरव्या वेली, ओट्यावर छोटं झाड, हॉबच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या आणि चिमणीला लाल रिबिनीचा भलामोठा बो. दिसतं छान, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चित्रांत फोडणी कधीच नसते. तिथे मोहरी तडतडत नाही, कढईत चकली पडत नाही, रश्श्याचा ठसका कुणाला लागत नाही. आपल्याकडे मात्र नाताळच्या आधीचे आठ-दहा दिवस घरातलं सगळ्यात जास्त काम त्याच ओट्यावर होतं. म्हणून नागपुरातल्या वाचकांना एवढंच सांगणं आहे: किचन जरूर सजवा, पण ओटा सोडून सजवा.

नागपूरचा नाताळ तळणीचा आहे. मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे असा थेट दिवाळीचाच फराळ होतो. रेल्वेच्या नोकरीमुळे पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या अँग्लो-इंडियन घरांत काट्याच्या पाठीवर मैद्याची गोळी दाबून कुलकुल वळतात. मल्याळी शेजारणीकडे साच्याचे अच्चप्पम तळले जातात. त्यानंतर पंचविसाव्या तारखेचं मटण आहेच, आणि ते सावजी मसाल्याचं असलं तर वास चार दिवस घरातून हलत नाही. हल्ली सदर किंवा मोहननगरातच नाही, तर धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत हिंदू-बौद्ध घरांतही मुलांच्या हट्टापायी झाड येतं, केक होतो. तेव्हा हे आवाहन त्यांनाही आहे.

सजावटीचं सामान आणायला बर्डीवर जायच्या आधी एक काम करा. चिमणीच्या जाळ्या काढा आणि गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा साबण घालून तासभर भिजत ठेवा. दिवाळीच्या तळणीचं तेल त्यांत अजून बसलेलं असतं. जाळी तुंबली की चिमणी नुसता आवाज करते आणि तेलाची वाफ खोलीभर पसरते. वाफ कुठे बसते, ते पाहायचं असेल तर हॉबच्या वरच्या कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवा. त्याच जागी तुम्ही कागदी चांदण्या आणि कापडी मोजे लटकवणार असाल, तर आठवड्यात ते मेणचट होतील आणि त्यावर धूळ बसेल. मग प्लास्टिकच्या वेलीचं पान न् पान पुसायला कोण बसणार? हे घरातल्या पुरुषांनी ती वेल विकत घेण्याआधी ठरवावं. कामाला येणाऱ्या मावशींच्या माथी ते परस्पर मारू नये.

हॉबपासून दोन्ही बाजूंना हातभर आणि वर चिमणीपर्यंत काहीही लावायचं नाही. रिबीन नाही, झिरमिळ्या नाहीत, नाताळबाबाची कापडी टोपीही नाही. तेल पेटलं तर ज्वाळा सरळ वर जाते आणि वर जे लोंबत असेल ते आधी धरते. असं झालंच तर गॅस बंद करा, कढईवर घट्ट झाकण ठेवा, पाणी मात्र चुकूनही ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल खोलीभर उडतं.

मेणबत्त्या किचनमध्ये नकोतच. आगमनकाळाच्या चार रविवारी पेटवायच्या चार मेणबत्त्यांचं चक्र अनेक घरांत असतं. त्याची जागा जेवणाच्या टेबलावर किंवा हॉलमध्ये. आपल्याकडे अजून बहुतेक घरांत सिलिंडर ओट्याखालच्या कपाटातच असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली तर गॅस खाली जमिनीलगत साचतो. म्हणून त्या कपाटाच्या खालच्या झरोक्यांपुढे भेटवस्तूंचे खोके रचून ठेवू नका. मॉड्युलर किचन करताना कित्येकांनी ते झरोके दिसायला वाईट म्हणून आधीच बुजवून टाकलेत, हा आणखी एक शहाणपणा. गॅसच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं उलटून गेली असतील तर लाइटिंगच्या माळेआधी नळी बदला. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर दिवसरात्र घेतात. तो आकडा फ्रीजवर चिकटवलात तर तीही सजावटच समजू.

आता उरलेली जागा. ती पुष्कळ आहे. काचेच्या शटरचं कपाट असेल तर सगळी हौस त्याच्या आत भागवा. वर्षभर खोक्यात राहणारा चांगला सेट बाहेर काढा, मागे लाल किंवा हिरवा कागद लावा, कपांच्या मधे चार चांदण्या ठेवा. काचेच्या आत तेल जात नाही, धूळ जात नाही आणि पाहुण्यांसाठी कपबश्याही हाताशी राहतात. दुसरी जागा खिडकीची. तिसरी दाराच्या चौकटीची, जिथे आपण एरवी तोरण लावतो. एवढ्या तीन जागा नीट सजवल्या की किचन सजलं.

चकचकीत शटरना दुहेरी चिकटपट्टी लावू नका. अ‍ॅक्रिलिक आणि पीयू रंगाच्या शटरवरून ती काढताना चकाकीही निघून येते आणि तो डाग कायमचा राहतो. टाइल्सवर रबरी चोषकाचे हूक बसतात. शटरच्या मुठींना रिबीन बांधता येते, पण सिंकच्या आणि हॉबच्या जवळच्या मुठी सोडून. कुठे आधीच गोंद राहिला असेल तर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवा, बहुतेक वेळा सुटतो. चमकी तर किचनच्या उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नका. ती उडते आणि कणकेत जाते. खोट्या बर्फाच्या फवाऱ्याचंही तेच.

बर्फावरून कापूस आठवला. झाडावर कापसाचे पुंजके टाकून बर्फ करण्याची आपली जुनी पद्धत. विदर्भातल्या घराला यापेक्षा अस्सल स्थानिक सजावट कुठली? मला ती मनापासून आवडते. पण मोकळा कापूस ठिणगीला किती पटकन धरतो, हे कापूस पिकवणाऱ्या मुलुखाला सांगायला नको. गव्हाणीतल्या तणसाचं तसंच. कापूस, तणस आणि झाड हॉलमध्ये राहू द्या. गव्हाणीसाठी थर्माकोलचा गोठा मात्र आणू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठा, कामट्या, गोणपाट यांचा गोठा मुलं सहज करतात.

आणि मग सामान काय आणायचं? इथे आपलं गाव भाग्यवान आहे. आंबिया बहराची संत्री नेमकी याच दिवसांत बाजारात असतात. युरोपात लोक नाताळच्या माळांसाठी संत्र्याचे काप वाळवतात, आणि २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं संत्रं ज्यांच्या दारात हातगाडीवर येतं, ते आपण प्लास्टिकची फळं विकत आणतो. संत्री सालीसकट आडवी कापा, काप अर्ध्या सेंटीमीटरहून पातळ नको. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फार पातळ कापलं तर वाळताना गर सालीपासून सुटतो. नीटस चकत्याच हव्या असतील तर काटोल-नरखेडकडची मोसंबी घ्या, तिची साल गराला धरून असते. बिया काढा, फडक्यानं पाणी टिपा आणि ओव्हन १०० अंशांवर ठेवून तीन-चार तास वाळवा, मधूनमधून उलटत. ओव्हन नसेल तर गच्चीवर जाळीखाली उन्हात ठेवा. डिसेंबरची आपली हवा कोरडी असते, चार-पाच दिवसांत काम होतं. संध्याकाळी आत आणायला विसरू नका, दवानं मऊ पडतात. काप काचेसारखे पारदर्शक झाले की सुईनं दोऱ्यात ओवा आणि खिडकीत उन्हासमोर टांगा. ओट्यावर ठेवू नका, मुंग्या येतील.

त्याच माळेत तेजपत्ता, दालचिनीचे तुकडे, चक्रफूल ओवता येतं. लाल रंगासाठी प्लास्टिकची बोरं कशाला, भिवापूरची मिरची आहे की! तीही आपल्याच जिल्ह्यातली आणि मानांकनवाली. देठासकट अख्ख्या मिरच्या घ्या, दोरा देठात ओवा आणि नंतर हात साबणानं धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. मिरचीची माळ हॉबच्या वाऱ्यालाही लावायची नाही, याचं कारण सांगत बसत नाही. ज्याच्या घरात एकदा मिरची जळली आहे, त्याला ते ठाऊक आहे.

फुलांत शेवंतीचा हंगाम असतो, झेंडू असतोच. लाल पानांचा पॉइनसेटिया रोपवाटिकेत मिळतो. आणायचा तर चांगला लाल झालेलाच आणा. त्याची नवी पानं लाल व्हायला लांब, सलग अंधारी रात्र लागते, आणि आपल्या किचनचा दिवा अकराच्या आधी कधी बंद होतो? त्याच्या चिकानं कातडीला खाज येऊ शकते, म्हणून भाजी चिरायच्या जागेपासून आणि लहान मुलांच्या हातापासून दूर, खिडकीत.

दिव्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ओट्यावरचा उजेड पांढरा आणि भरपूर हवा. लाल-हिरव्या उजेडात करंजी बदामी झाली की करपली, हे कळत नाही. रंगीत माळ काचेच्या कपाटात किंवा खिडकीत लावा, तीही अ‍ॅडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची. थेट २३० व्होल्टवर चालणारी, जागोजाग टेप गुंडाळलेली स्वस्त माळ सिंकच्या जवळ म्हणजे जिवाशी खेळ. मिक्सर, ओव्हन आणि माळ एकाच एक्स्टेन्शनवर घेऊ नका. खिडकीतला एक मंद पिवळा दिवा मात्र जरूर असू द्या. चोवीस तारखेला मध्यरात्रीची मिस्सा किंवा उपासना आटोपून माणसं घरी येतात, नागपूरची थंडी हाडांत शिरलेली असते आणि पहिली फर्माईश चहाची असते. त्या वेळी ट्यूबलाइटचा झगझगाट नको वाटतो.

सुगंधासाठी फवारे मारू नका. त्यातला वायू ज्वालाग्राही असतो आणि शेजारी हॉब असतो. सोललेल्या संत्र्यांच्या साली, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा पातेलीभर पाण्यात घालून बारीक आचेवर अर्धा तास ठेवा. सावजीचा वाससुद्धा मान टाकतो. पातेलीजवळ माणूस हवा, एवढंच.

काही जण म्हणतील, मिरच्या आणि तेजपत्त्याचा कसला ख्रिसमस? त्यांना थोडा इतिहास सांगायला हवा. ज्यांच्या नावानं इथलं हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून चालू आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. ते स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन. त्यांच्या पंथात तेव्हा नाताळ साजरा करायची रीतच नव्हती, आणि खुद्द स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती १९५८ साली. तेव्हा झाड, घंटा आणि बर्फ म्हणजेच नाताळ, असा काही नियम विलायतेतही नव्हता. उलट आपल्याकडे, १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याआधी काही काळ नागपुरात राहिलेल्या ना. वा. टिळकांनी पुढे अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं, आणि मराठी ख्रिस्ती समाजानं ते आपलं मानलं. किचनच्या उंबऱ्यावर चांदणीची रांगोळी काढायला यापेक्षा मोठी परवानगी कुणाला हवी असेल असं वाटत नाही. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण आणि त्यात मधूनमधून संत्र्याचे काप, हे तर मी सगळ्यांनाच करून पाहा म्हणेन.

खर्चाचं म्हणाल तर यातलं बहुतेक सामान किराण्यात आणि भाजीत बसतं. माळा ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत ठेवा आणि मग उतरवा. काप आणि पानं कुंडीच्या खतात जातील. मिरच्या पुन्हा डब्यात भरू नका, त्यांच्यावर धूळ आणि तेल बसलेलं असतं.

यंदा फराळाची यादी कराल तेव्हा शेजारी आणखी एक रकाना ओढा आणि त्यात नावं लिहा: जाळ्या धुणार कोण, करंज्या लाटणार कोण, तळणार कोण, शेजाऱ्यांची ताटं पोचवणार कोण आणि ६ जानेवारीला माळा उतरवून किचन पुसणार कोण. सगळ्या ओळींत एकच नाव येत असेल, तर सजावट निम्मी करा आणि यादी पुन्हा लिहा.