लिंबूटिंबूला पोहता येतं का?

बालदोस्तांनो, गोष्टीच्या खेळांवर लिहायला लागल्यापासून तुमची पत्रं येताहेत. त्यातलं सातवीतल्या एका मित्राचं पत्र आज सगळ्यांपुढे ठेवते. तो आणि त्याची तीन भावंडं सुट्टीत असा खेळ खेळतात. गोष्टीत नदी आली. धाकट्या बहिणीच्या पात्राच्या कागदावर ‘पोहणे’ हे कौशल्य लिहिलेलं नव्हतं, म्हणून सूत्रधार दादाने तिला काठावर बसवून ठेवलं. बाकीचे पलीकडच्या गुहेत तासभर रमले. ती उठून गेली, आणि आता बोलावलं तरी येत नाही. दादा विचारतो, नियमाप्रमाणेच वागलो, मग बिघडलं कुठे?

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. या खेळात सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकतात. नियमांची जाडजूड पुस्तकं मिळतात. पण जगभर जिथे जिथे हा खेळ चालतो तिथे घरचे नियमही असतातच. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको. शेजारच्या गच्चीवर चेंडू गेला की आउट, हा नियम क्रिकेटच्या कुठल्या पुस्तकात आहे? आणि पकडापकडीतला लिंबूटिंबू! तो सगळ्यांबरोबर पळतो, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. ‘अजून येत नाही’ म्हणून त्याला बाहेर बसवायचं नाही, यासाठी कोणा शहाण्या मुलांनी तो नियम काढला असणार. दादाच्या नदीवर नेमका तोच हवा होता.

आता गंमत बघा. ही अडचण या खेळाच्या जन्मापासूनची आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला, तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू अशी तीनच प्रकारची पात्रं होती. दाराला कान लावून आतला आवाज ऐकायचा, तर कुणीही फासा टाकावा. माणसाला सहातली एक संधी, बुटक्याला सहातल्या दोन. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीत चोर आला. कुलूप उघडणं, दबक्या पावलांनी चालणं, सावलीत लपणं ही त्याची खास कौशल्यं. झालं! चोराला लपता येतं असं लिहिल्यावर वाद सुरू झाला, की मग बाकीच्यांना लपताच येत नाही का? काल अंधारात भिंतीला चिकटून उभा राहिलेला योद्धा आज तसं करू शकत नाही का?

आणि त्या बिचाऱ्या चोराची तरी काय चैन होती? १९८१ च्या बेसिक पुस्तकात पहिल्या पायरीवरच्या चोराला कुलूप उघडण्याची संधी आहे शंभरात १५, आणि सावलीत लपण्याची शंभरात १०. म्हणजे ज्याचं हे खास काम, तोच दहातून नऊ वेळा सापडायचा. बाकीच्यांची वाट अडली आणि ज्याच्यासाठी अडवली त्यालाही धड जमेना. कौशल्याचं नाव कागदावर लिहिताना हे आधी लक्षात घ्यायला हवं.

तर आपला घरचा नियम असा करू या. सापशिडीचे दोन साधे फासे घ्या. (त्या परदेशी खेळातला वीस बाजूंचा फासा नसला तरी काही अडत नाही. १९७७ चा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ साध्या सहा बाजूंच्या फाशांवरच चालतो.) दोन्हींची बेरीज ८ किंवा जास्त आली तर जमलं. ज्याच्याकडे कौशल्याचा १ गुण आहे त्याने बेरजेत १ मिळवायचा, २ असतील त्याने २. ज्याच्याकडे गुणच नाही, तोही फासे टाकणार! त्याने काहीच मिळवायचं नाही, एवढंच.

वही-पेन्सिल घ्या आणि मोजा. दोन फासे ३६ प्रकारांनी पडतात. त्यातल्या १५ प्रकारांत बेरीज ८ किंवा जास्त येते. १ गुण असला की ७ सुद्धा चालतो, म्हणून प्रकार होतात २१. २ गुणांना २६, ३ गुणांना ३०. पहिल्या गुणाने ६ प्रकार वाढले, दुसऱ्याने ५, तिसऱ्याने ४. नवशिक्याला पहिला गुण सगळ्यात जास्त हात देतो. मला हे फार आवडतं. ३ गुणांच्या वर मात्र जाऊ नका, नाहीतर फासे टाकण्यात मजाच राहणार नाही.

कुणी म्हणेल, बाई, ज्याला मोडी वाचता येत नाही त्याने मोडीतलं पत्र फासे टाकून वाचायचं? नाही हं. काही कामं शिकल्याशिवाय येतच नाहीत. २००० साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती आली, तिच्यात काही कौशल्यं शिकलेल्यांनीच वापरायची, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तुम्हीही यादीतल्या अशा नावांपुढे फुली मारा. पण हात राखून मारा. पोहणं, चढणं, लपणं, समजूत घालणं यांपुढे फुली नको. ती कामं कुणीही वेडीवाकडी करू शकतो.

आता फासे वाईट पडले तर? ‘नाही जमलं, बस तिथे’ असं सूत्रधार म्हणाला की पुन्हा तोच काठ आला. २०१० मध्ये ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ नावाचा खेळ निघाला. (तो मोठ्यांसाठी आहे, मुलांसाठी नाही, पण त्यातली ही युक्ती उसनी घ्यायला हरकत नाही.) त्यात दोन फाशांची बेरीज १० किंवा वर असली तर पूर्ण यश, ७ ते ९ आली तर यश मिळतं पण काही किंमत मोजून, आणि ६ किंवा खाली आली तर संकट. आपल्या ८ च्या नियमात ही मधली जागा ६ आणि ७ ला देऊ. नदीत उडी मारलेल्या बहिणीला ७ पडले, तर ती पलीकडे पोचली, पण शिदोरीची पिशवी वाहून गेली. ५ किंवा कमी पडले तरी तिला काठावर परत आणायचं नाही. प्रवाहाने खाली नेऊन अशा जागी लावायचं, जिथे काहीतरी घडेल. हिशोब केलात तर दिसेल, की एकही गुण नसताना ३६ पैकी २६ वेळा ती पलीकडे पोचते.

शिकण्याचा नियम मला ‘रूनक्वेस्ट’ या १९७८ च्या खेळातला आवडतो. तिथे कौशल्य यशस्वीपणे वापरलं की त्यापुढे खूण करायची. नंतर शंभरपैकी आकडा काढायचा, आणि तो आपल्या सध्याच्या टक्क्यांहून जास्त आला तरच कौशल्य वाढतं. म्हणजे ३० टक्केवाला भराभर शिकतो आणि ९० टक्केवाल्याला घाम गाळावा लागतो. अगदी वर्गात असतं तसंच! फक्त एक गोष्ट मला पटत नाही. जमलं तरच खूण का? चुकलेलं गणित शिकवत नाही होय? आपण चुकल्यावरही खूण करू. खेळ संपल्यावर खूण केलेल्या प्रत्येक कौशल्यासाठी एक फासा टाका. सध्याच्या गुणांत ३ मिळवा. फासा त्याहून मोठा पडला तर १ गुण वाढला. शून्यवाल्याला ४, ५, ६ चालतील, २ गुणवाल्याला फक्त ६.

पालकांना एक विनंती. मुलं नियमांवरून भांडत असतील तर लगेच मध्ये पडून निकाल देऊ नका. ‘तुमचा नियम लिहून दाखवा’ एवढंच म्हणा. लिहिताना निम्मं भांडण मिटतं, असा माझा शाळेतला अनुभव आहे.

यादी लहान ठेवा, आठ-दहा कौशल्यं पुष्कळ झाली. नियम पेन्सिलीने लिहा. तीन रविवार खेळून बघा. बदल करायचा तो डाव संपल्यावर. चालू डावात नाही, मग सूत्रधार दादा असो की ताई. आणि पत्र पाठवणाऱ्या मित्रा, पुढचा डाव सुरू करण्याआधी कौशल्यांची यादी बहिणीला करायला सांग. पहिलं नाव तिने कोणतं लिहिलं ते मला जरूर कळव.