पंपावरचा बत्तीस रुपयांचा फरक

1 जुलै 2025 च्या सकाळी दिल्लीच्या पेट्रोल पंपांवर वेगळाच तमाशा होता. गाडी रांगेतून पुढे सरकली की खांबावरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचायचा, सरकारी नोंदीशी ताडून पाहायचा, आणि गाडी डिझेलची असून दहा वर्षांपुढची किंवा पेट्रोलची असून पंधरा वर्षांपुढची निघाली की स्पीकरवरून तिचा नंबर जाहीर व्हायचा. बाजूला पोलीस उभे. अशा गाडीला तेल द्यायचे नाही, असा हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचा हुकूम होता. तो तीन दिवसही धड टिकला नाही. कॅमेरे अजून नीट चालत नाहीत, शिवाय माणसे नोएडा-गुरुग्रामला जाऊन टाकी भरून येतील, असे खुद्द दिल्ली सरकारनेच आयोगाला कळवले. मुदत 1 नोव्हेंबरवर गेली. पुढे 12 ऑगस्टला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निव्वळ वयावर बोट ठेवून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, असा अंतरिम आदेश दिला.

दहा वर्षांचा हा नियम हरित न्यायाधिकरणाने एप्रिल 2015 मध्ये घातला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये तो कायम केला होता. त्यात एक सोय आहे: वय आरसीवर छापलेले असते, धूर छापलेला नसतो. निवृत्त प्राध्यापकाची रविवारी तेवढी बाहेर निघणारी गाडी आणि रात्रंदिवस विमानतळाच्या फेऱ्या मारणारी टॅक्सी, दोघींचे वय एकच. धुराचे प्रमाणपत्र म्हणून आपल्याकडे पीयूसी असते. ते कसे मिळते, हे दिवाळी अंकाच्या सुज्ञ वाचकांना सांगायला नको.

दिल्लीचा हा वाद जुना आहे आणि त्यात एक मराठी नावही आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या 1985 च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 1998 रोजी शहरातल्या सगळ्या बस 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणा, असे फर्मावले. मुदत उलटली तरी बस होत्या तिथेच. न्यायालयाने तारखा वाढवून दिल्या. मधल्या काळात, सप्टेंबर 2001 मध्ये, केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली वाहन-इंधन धोरणासाठी समिती नेमली. सरकारने किती धूर चालेल एवढेच ठरवावे, कोणते इंधन वापरायचे हे सांगू नये, असे तिच्या अंतरिम अहवालाचे सार होते. तत्त्व म्हणून यात खोट काढणे अवघड. न्यायालयाने मात्र ते मानले नाही. समितीत ना कोणी डॉक्टर, ना सार्वजनिक आरोग्याचा जाणकार, असे सुनावून 5 एप्रिल 2002 च्या आदेशात डिझेल बसवर रोज 500 रुपये आणि महिन्यानंतर रोज 1000 रुपये दंड बसवला. त्या वर्षाअखेर शहरातल्या बस सीएनजीवर आल्या. गॅसच्या पंपांपुढे तासन्‌तास लागलेल्या रांगांचे हाल दिल्लीकरांनी सोसले ते सोसलेच.

न्यायालय आणि माशेलकर दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे म्हणून सुटका करून घेता येईल; पण ते खरे नाही. त्या वर्षी न्यायालय बरोबर होते. भेसळीचे डिझेल, ढिली तपासणी आणि जुनाट इंजिने असलेल्या शहरात ‘किती धूर’ हे मोजणार कोण? बस सीएनजीची आहे की नाही, हे रस्त्यावरचा हवालदारही सांगू शकतो. माशेलकरांचे उत्तर लागू पडायला इंधन सुधारावे लागते, तपासणी खरी व्हावी लागते. इंधन सुधारले: 10 पीपीएम गंधकाचे भारत स्टेज-6 (बीएस-6) इंधन दिल्लीला एप्रिल 2018 मध्ये मिळाले आणि देशाला 2020 मध्ये. तपासणी अजून व्हायची आहे.

हे सगळे बसचे. मोटारींची कथा निराळी, आणि ती न्यायालयात नव्हे तर पंपावर घडली. जून 2010 मध्ये पेट्रोलचे दर सरकारी बंधनातून सुटले, डिझेलचे सुटले नाहीत. शेतकऱ्याचा पंप, मालाचा ट्रक, गरिबाची बस यांच्या नावाने डिझेल स्वस्त ठेवले गेले. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांपुढे गेले तेव्हा डिझेल 41 च्या आसपास होते. लिटरमागे बत्तीस रुपये! त्यात डिझेल गाडीचे ॲव्हरेज जास्त. मध्यमवर्गाने हिशोब केला आणि जे कोणीही केले असते तेच केले. देशातल्या नव्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून जास्त डिझेलच्या होऊ लागल्या. दिल्लीभोवतालच्या एनसीआरमधल्या गुरुग्राम-मानेसरला गाड्या बनवणाऱ्या मारुतीला डिझेल इंजिने पुरेनात, म्हणून जानेवारी 2012 मध्ये तिने पुण्याजवळच्या रांजणगावच्या फियाट कारखान्याशी वर्षाला एक लाख इंजिनांचा करार केला. त्याच वर्षी जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून जाहीर केला. शोरूममध्ये ते कोणाच्या गावीही नव्हते.

यावर उतारा आधीच सुचवला गेला होता. किरीट पारीख समितीने फेब्रुवारी 2010 मध्ये डिझेल मोटारींवर 80,000 रुपये जादा अबकारी कर लावा, असे सांगितले होते. म्हणजे शेतकऱ्याचे डिझेल स्वस्तच राहील आणि मोटारवाल्याला सवलत एकरकमी परत करावी लागेल. अहवाल बासनात गेला. अखेर ऑक्टोबर 2014 मध्ये, दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी, डिझेलचे दरही मोकळे झाले. फरक आटत गेला. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झाले, कारण राज्य सरकारने मे महिन्यात डिझेलवरचा व्हॅट 16.75 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेला होता. जुलैअखेर तो पुन्हा खाली आला. महसूल आटला की कर वर, ओरड झाली की खाली. यात हवेचा संबंध किती, हे वाचकांनीच ठरवावे. मारुतीने मात्र एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बंदच केल्या, आणि आज नव्या गाड्यांत डिझेलचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. ही घट भाव आणि बीएस-6 चा खर्च यांनी घडवली.

बंदीने काय घडवले, त्याचा नमुना महिंद्राच्या चाकण-नाशिकच्या कारखान्यांत पाहायला मिळाला. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली-एनसीआरमध्ये 2000 सीसी व त्यापुढच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. महिनाभरात महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही 500 साठी 1.99 लिटरचे इंजिन काढले! सीमारेषा 2000 ची असेल तर इंजिनियर 1990 वर थांबणार. त्यात लबाडी नाही, तो त्याचा धंदाच आहे. ऑगस्ट 2016 मध्ये गाडीच्या शोरूम किमतीच्या एक टक्का आकार घेऊन बंदी उठली.

कराचा विषय पुढे पुन्हा निघाला: केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत वाहन उत्पादकांच्याच मेळाव्यात डिझेल गाड्यांवर 10 टक्के जादा जीएसटीची कल्पना बोलून दाखवली. वाहन कंपन्यांचे शेअर गडगडले आणि काही तासांतच असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासा त्यांनीच केला.

आता अलीकडचे. हिवाळा जवळ आला की दिल्लीत ‘ग्रॅप’चे, म्हणजे हवा बिघडेल तशा वाढत जाणाऱ्या निर्बंधांचे, टप्पे मोजायचा हंगाम सुरू होतो. तिसरा टप्पा लागला की बीएस-4 डिझेल मोटार, मग ती 2019 ची का असेना, दारातच उभी. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह 29 आणि लहान डिझेल गाडीवर 31 टक्के कर होता. आता दोन्हींवर सरसकट 18. मोठ्या एसयूव्हीवर 50 होता, तो 40 झाला. विजेच्या गाडीवर पूर्वीप्रमाणेच 5. म्हणजे ज्या आडदांड डिझेल गाडीला 2015 मध्ये दिल्लीत नोंदणी मिळत नव्हती तिचा कर दहा टक्क्यांनी उतरला, आणि लहान गाड्यांत डिझेलला बसणारी दोन टक्क्यांची चापटही गेली. त्या दसऱ्याला शोरूमपुढे रांगा लागल्या. कर कमी झाल्याचा आनंद सगळ्यांनी साजरा केला. डिझेल आणि पेट्रोल एका पंगतीला बसल्याची चर्चा मात्र फारशी कुठे ऐकू आली नाही.