कालियादेहाचे पाणी

2028 च्या सिंहस्थासाठी उज्जैनीत क्षिप्रेकाठी सुमारे 29 किलोमीटरचे नवे घाट बांधण्याचे काम निघाले आहे. या गडबडीत भैरवगडापलीकडच्या एका बेटाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

कालियादेह हे मूळचे सूर्यतीर्थ. स्कंदपुराणाच्या अवंतीखंडात येथील सूर्यकुंडाचा व ब्रह्मकुंडाचा उल्लेख आहे. पुढे माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळात याच बेटावर जलमहाल उभा राहिला. मधल्या दालनावर इराणी धाटणीचा घुमट आहे. पण बांधणारांचे खरे कसब घुमटात नाही. नदीचे पाणी त्यांनी वळणावळणाच्या पाटांनी कुंडांत खेळविले आणि खालच्या अंगाने पुन्हा नदीत सोडले. या पाटांविषयी 1617 साली येथे आलेल्या जहांगीर बादशहानेही लिहून ठेवले आहे. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत महालाची नासधूस झाली. 1920 साली माधवराव शिंदे यांनी त्याचा जीर्णोद्धार करविला.

आमचे वडील दरबारी गवई. दरबार मोडला, तरी रोज पहाटे तंबोरे जुळविल्याखेरीज ते तोंडातून सूर काढीत नसत. मैफल रंगली की लोक गवयाला दाद देतात, तंबोऱ्याला नाही. पण तो उतरला की गाणे बसते. कालियादेहाचा तंबोरा म्हणजे ते वाहते पाणी.

तोच आपण उतरविला. 2016 च्या सिंहस्थासाठी इंदूरकडून येणारे कान्ह नदीचे मैले पाणी पिपल्या राघोपासून सुमारे 19 किलोमीटर नळातून वळवून कालियादेहाच्या बाजूला सोडण्यात आले. रामघाट स्वच्छ ठेवण्याचा हेतू रास्तच होता. परंतु भूतडी अमावास्येला बावन कुंडांत स्नानाला येणारी खेड्यापाड्यांतील माणसे भाविक नव्हेत काय?

आता कान्हचे पाणी शहराला वळसा घालून गंभीर नदीत नेण्याची नवी योजना आहे. तिने कालियादेहाचा भार हलका होईल. पण गंभीरेच्या काठीही गावे आहेत. एकाच्या अंगणातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटणे ही स्वच्छता नव्हे. मैले पाणी इंदुरातच शुद्ध झाले पाहिजे. घुमटाला नवा रंग दिला आणि बेटावर दिवे लावले, म्हणून कालियादेहाचा उद्धार होणार नाही. त्या पाटांतून ओंजळीत घेण्याजोगे पाणी वाहील, त्या दिवशीच तो झाला असे म्हणता येईल.