विरोधी पक्षनेत्याची खुर्ची कोणाच्या मालकीची?

सत्तारूढ पक्षाला बहुमत मिळते ते राज्यकारभार करण्यासाठी. प्रश्नांपासून सुटका मिळवण्याचा परवाना म्हणून ते कोणी कोणाला दिलेले नसते. विरोधी पक्षनेता सरकारला जाब विचारतो तेव्हा तो स्वतःच्या पक्षाची हौस भागवत नसतो. ज्यांनी सरकारला मते दिली आणि ज्यांनी दिली नाहीत, त्या सर्वांच्या वतीने तो खजिन्याचा हिशेब मागत असतो. लोकशाहीतील हा प्राथमिक धडा महाराष्ट्राला नव्याने गिरवावा लागावा, ही खेदाची गोष्ट आहे.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत २८८ जागांच्या विधानसभेत विरोधकांपैकी सर्वांत मोठ्या पक्षाला, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला, २० जागा मिळाल्या. एकदशांश संख्याबळ, म्हणजे २९ आमदार, कोणत्याही एका विरोधी पक्षाकडे नाहीत, असा युक्तिवाद पुढे आला. मार्च २०२५ मध्ये भास्कर जाधव यांचे नाव रीतसर सुचवण्यात आले, तरी निर्णय झाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अंबादास दानवे यांची मुदत संपली आणि विधान परिषदेतील खुर्चीही रिकामी झाली. डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेत्यावाचून पार पडले. राज्याच्या इतिहासात ही नामुष्की लहान नव्हे.

या दहा टक्क्यांना आधार कोणता? विरोधी पक्षनेत्याच्या वेतन व भत्त्यांसंबंधीचा १९७८ चा महाराष्ट्राचा कायदा सर्वाधिक संख्येच्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढेच म्हणतो. त्यात दहा टक्क्यांची अट नाही. कायद्याचे राहो, पूर्वपीठिका काय सांगते? १९८५ च्या निवडणुकीत जनता पक्षाचे २० आणि शेतकरी कामगार पक्षाचे १३ आमदार निवडून आले होते. १९८६ च्या अखेरीस शरद पवार आपल्या समाजवादी काँग्रेससह इंदिरा काँग्रेसमध्ये परतले आणि विरोधी बाकांवरचा सर्वांत मोठा गट नाहीसा झाला. त्यानंतर मालेगावचे निहाल अहमद, शेकापचे दत्ता पाटील आणि गोरेगावच्या मृणालताई गोरे हे क्रमाने विरोधी पक्षनेते झाले. यांपैकी कोणाच्याही पक्षाचे २९ आमदार नव्हते. तेव्हाचे काँग्रेस सरकार काही उदार अंतःकरणाचे नव्हते. पण विरोधकांशिवाय सभागृह चालवणे अशोभनीय आहे, एवढी लाज त्या काळी शिल्लक होती. २० आमदारांचा पक्ष तेव्हा पुरेसा होता आणि आज अपुरा आहे, तर बदलले काय? गणित बदललेले नाही, नियत बदलली आहे.

मृणालताईंचे नाव येथे केवळ स्मरणरंजन म्हणून घेतलेले नाही. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेत गेल्या त्या उपनगरांतील नळाचा प्रश्न घेऊन. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या झेंड्याखाली अहिल्याताई रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींसह त्यांनी लाटणी रस्त्यावर आणली. तेल, साखर, रॉकेल यांच्या भावाचा प्रश्न हा आर्थिक धोरणाचा प्रश्न आहे, तो अर्थतज्ज्ञांच्या परिसंवादाइतकाच चाळीतल्या चुलीचाही आहे, हे त्यांनी सरकारला शिकवले. १९८८-८९ मध्ये त्या विरोधी पक्षनेत्या झाल्या तेव्हा त्या खुर्चीवर पश्चिम उपनगरांची तहान आणि महागाई बसली होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आज ती खुर्ची रिकामी राहते तेव्हा सभागृहाबाहेर कोण राहते, हे यावरून समजावे.

आता प्रश्न कोणते, ते पाहू. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट दाखवण्यात आली. राज्यावरील कर्जाचा अंदाज ९ लाख ३२ हजार कोटींचा होता. महसुली तूट याचा साधा अर्थ असा की सरकार दैनंदिन खर्चासाठीही कर्ज काढत आहे. घर बांधण्यासाठी काढलेले कर्ज वेगळे, किराणा भरण्यासाठी काढलेले वेगळे, हे कोणतीही गृहिणी सांगेल. लाडकी बहीण योजनेसाठी पहिल्या वर्षी ४६,००० कोटींची घोषणा झाली; निवडणूक आटोपल्यावर पुढल्या वर्षाची तरतूद ३६,००० कोटींवर आली आणि २,१०० रुपयांचे आश्वासन अर्थसंकल्पाबाहेर राहिले. गरीब स्त्रीच्या हाती पैसा जाऊ नये, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत समाजवादी कधीच बसणार नाहीत. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या योजनेचे अर्ज घरोघरी भरून घेणारी अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस संपावर का होती? जिच्या हाताने सरकार दान वाटते, तिला सरकार नोकर म्हणून मान्य का करत नाही?

येथेच आर्थिक धोरणाचा धागा नोकरभरतीला जाऊन मिळतो. २०२२ साली राज्य शासनाच्या सुमारे सात लाख मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक पदे रिक्त होती. सरकारने ७५,००० पदे भरण्याची घोषणा केली. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि प्रत्येक अर्जाचे शुल्क होते नऊशे ते हजार रुपये. बेकारांच्या खिशातून नव्वद कोटींहून अधिक रुपये गोळा करणारी ही भरती होती! त्याच वर्षी ६ सप्टेंबरला नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. राज्यभर तरुण रस्त्यावर आले, विरोधी पक्षनेत्यांनी आवाज उठवला आणि २० ऑक्टोबरला तो निर्णय रद्द करावा लागला. दीड महिन्यात सरकारला माघार घ्यावी लागली, कारण तेव्हा दोन्ही सभागृहांत विचारणारा कोणीतरी होता.

कंत्राटी पद्धतीचा अनुभव उपनगरांतील जनतेला पुस्तकातून घ्यावा लागत नाही. बेस्टच्या बसथांब्यावर तो रोज मिळतो. स्वतःच्या ३,३३७ गाड्या राखण्याचा करार २०१९ साली कामगार संघटनेशी झाला होता. २०२५ साली बेस्टच्या मालकीच्या गाड्या हजाराच्याही खाली गेल्या. बाकी गाड्या, चालक आणि जबाबदारी ठेकेदाराची. ऑगस्ट २०२३ मध्ये मुलुंड आणि घाटकोपर आगारांतील ठेकेदारांच्या चालकांनी वेतनासाठी काम थांबवले आणि पाहता पाहता तो संप इतर आगारांत पसरला. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील बस गर्दीत घुसून सातांहून अधिक माणसे प्राणास मुकली. चालकाला विजेवरच्या गाडीचे प्रशिक्षण किती मिळाले होते, हा प्रश्न त्यानंतर विचारला गेला. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. ठेकेदारीने काटकसर होते, असे सांगणाऱ्यांनी ही काटकसर कोणाच्या ताटात पडली ते दाखवावे. अंधेरीच्या कारखान्यात उतरणाऱ्या कामगाराच्या ताटात ती पडलेली नाही.

आणि भाडेवाढीला महापालिकेत विरोध कोणी करायचा? ७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत धनाढ्य महापालिका एका प्रशासकाच्या सहीवर चालली. याच काळात, २०२४ साली, लिपिकांच्या १,८४६ जागांच्या जाहिरातीत दहावी व पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची अट आली. दिवसा कामाला जाऊन रात्रशाळेत शिकणाऱ्या बोरिवलीच्या वा भांडुपच्या मुलाला दारातच अडवणारी ही अट लोकांच्या विरोधानंतर काढावी लागली. नगरसेवक असते तर ती जाहिरातीपूर्वीच पकडली गेली असती, असे मानण्यास जागा आहे.

या साऱ्याला सरकारपक्षाचे एक ठरलेले उत्तर असते: कंत्राटी भरती तुमच्याच राजवटीत सुरू झाली. हे उत्तर अगदीच खोटे नाही, आणि म्हणूनच ते आम्हांला चालत नाही. आज विरोधी बाकांवर बसलेल्या पक्षांनीही सत्तेवर असताना ठेकेदारांना मोकळे रान दिले. पण एकाचे पाप दुसऱ्याची सनद होऊ शकत नाही. उलट, सत्ता कोणाचीही असो, विचारणारा हवाच, याचाच तो पुरावा आहे. ती खुर्ची एका पक्षाची नाही, ती जनतेची आहे. माहितीचा अधिकार, मानवाधिकार आयोग यांवरील नेमणुकांच्या समित्यांतही कायद्याने विरोधी नेत्याला स्थान दिले आहे ते याचसाठी.

कार्यकर्त्यांनी या वादाकडे दोन पक्षांतील मानापमानाचे नाटक म्हणून पाहू नये. खुर्ची उद्या भरली गेली, तरी तिच्यावर बसणाऱ्याच्या हाती प्रश्न आपणच द्यायचे आहेत. आपल्या विभागातील आगारात किती चालक कायम, किती ठेकेदाराचे. रुग्णालयात किती परिचारिका मंजूर, किती हजर. शाळेत किती शिक्षक, किती तासिकेवर. हे माहितीच्या अधिकाराखाली मागावे, वस्तीवस्तीत वाचून दाखवावे आणि प्रत्येक आमदाराच्या दारात ठेवावे. मृणालताईंच्या पाठीशी रिकाम्या हंड्यांची रांग होती, म्हणून त्यांच्या प्रश्नाला वजन होते. ती रांग पुन्हा उभी करणे आपल्या हातात आहे. त्यासाठी कोणत्याही अध्यक्षांच्या मान्यतेची गरज नाही.