संसारोपयोगी : कॅसेटीचा काळ सरला, आतां पुढें काय?

दूरदर्शनवर लागणारा कार्यक्रम घरच्या घरीं फितीवर उतरवून ठेवावयाचा आणि पुढें सवडीनें पाहावयाचा, ही सोय आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत आली तेव्हां तिचें मोठें कौतुक झालें होतें. ती गेली मात्र इतकी मुकाट्यानें कीं, पुष्कळांच्या तें अजून ध्यानांतही आलेलें नाहीं. बीड जिल्ह्यांतील दोन वाचकांच्या पत्रांनीं हा विषय आमच्यापुढें आणला आहे. अंबाजोगाईच्या एका भगिनी विचारतात : ‘दुपारीं लागणारें कीर्तन सासूबाईंना रात्रीं पाहावयाचें असतें. पूर्वीं आम्ही तें टेप करून ठेवीत असूं. आतां काय करावें?’ दुसरे गृहस्थ माजलगांवचे. माळ्यावरील ट्रंकेंत चाळीस-पन्नास व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत, यंत्र बंद पडलें आहे, तेव्हां त्या भंगारांत द्याव्या काय, असा त्यांचा प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न वरवर पाहतां एकाच जातीचे दिसतात. आमच्या मतें ते अगदीं निराळे आहेत. पहिला पाहण्याचा आहे, दुसरा राखण्याचा; आणि या दोहोंची गल्लत होते म्हणूनच घरोघर नुकसान होत आहे.

आधीं थोडा पूर्वेतिहास. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. परंतु मराठवाड्याच्या अंतर्भागांत चित्र पोंचावयास पुढील दशक उजाडावें लागलें. १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण आलें, १९८४ च्या सुमारास देशभर सहक्षेपण केंद्रें झपाट्यानें वाढलीं, आणि गच्चीवर बांबूस बांधलेली अँटेना ही घराच्या प्रतिष्ठेची खूण ठरली. ‘रामायण’ ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ आणि ‘महाभारत’ ही २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळांत रविवारीं सकाळीं लागे, तेव्हां ओटीवर शेजारच्या चार घरांचीं माणसें दाटीवाटीनें बसत. त्याच सुमारास व्ही. सी. आर. हें यंत्र आपल्याकडे दिसूं लागलें. विकत घेण्याची ऐपत थोड्यांचीच. बाकीचे तें एका रात्रीपुरतें भाड्यानें आणीत. ज्यांच्या घरीं तें कायमचें आलें, त्यांच्यापुरती कार्यक्रमाची वेळ दूरदर्शनची न राहतां घराची झाली.

एकत्र कुटुंबांत हें कोणाच्या उपयोगी पडलें, तें लक्षांत घेण्यासारखें आहे. संच एक, माणसें बारा-चौदा. बातम्यांच्या वेळीं दिवाणखाना मामंजींचा, क्रिकेटच्या दिवशीं मुलांचा. संध्याकाळचा मराठी कार्यक्रम लागावयाचा तो नेमका स्वयंपाकाच्या ऐन घाईंत. मग नाटक असो कीं मुलाखत, घरांतील सुनांनीं ती पोळ्या लाटतां लाटतां कानांनींच पाहावयाची. आदल्या रात्रीं मुद्रित केलेला भाग दुपारीं मागचें आवरल्यावर जावाजावांनीं निवांत बसून पाहावा, ही त्या यंत्राची खरी देणगी होती. यांत विघ्नेंही होतींच. परळी वैजनाथास औष्णिक विद्युत्केंद्र, आणि त्याच जिल्ह्यांत विजेचा लपंडाव! भारनियमनाची वेळ आली कीं चाललेलें मुद्रण मध्येंच तुटे, आणि वीज परत आल्यावर यंत्राचें घड्याळ बारावर लुकलुकत राही. तरीही लोकांनीं तें चालविलें.

मग हें बंद कां पडलें? पहिलें कारण केबलच्या अंकीकरणाचें, म्हणजे डिजिटल होण्याचें. सरकारनें बीडसारख्या नागरी भागांस ३१ डिसेंबर २०१५ ही, आणि ग्रामीण भागांस आधीं ३१ डिसेंबर २०१६ व मग वाढवून ३१ मार्च २०१७ ही मुदत घालून दिली होती. त्यानंतर प्रत्येक केबलजोडणीस सेट टॉप बॉक्स आला. जुन्या यंत्रास वाहिनी स्वतः निवडतां येत असे. आतां निवड त्या पेटीच्या हातीं गेली, आणि पेटी देईल तेंच टिपणें यंत्रास भाग पडलें. शिवाय नव्या पेटींतून संचाकडे जाणाऱ्या एच. डी. एम. आय. तारेंतील चित्रास बहुधा कुलूप असतें. दुसऱ्या यंत्रास तें उतरवून घेतां येत नाहीं. दुसरें कारण कारखान्यांचें. व्ही. सी. आर. बनविणारी अखेरची कंपनी म्हणून गाजलेल्या जपानच्या फुनाईनें जुलै २०१६ मध्यें उत्पादन थांबविलें. तिसरें, दूरदर्शनच्या मनोऱ्यांवरून होणारें जुन्या पद्धतीचें प्रक्षेपणही २०२२ पर्यंत देशांत जवळजवळ सर्वत्र बंद झालें, आणि बांबूवरच्या अँटेनेस कांहीं कामच उरलें नाहीं.

मध्यंतरीं एक बरा पर्याय येऊन गेला. टाटा स्कायनें, म्हणजे २०२२ पासूनच्या टाटा प्लेनें, २००८ सालीं स्वतःच मुद्रण करणारी पेटी बाजारांत आणली होती. एका कळीनें संबंध मालिका टिपली जाई. परंतु टिपलेलें सारें त्या पेटींतच कोंडलेलें असे. तें काढून दुसरीकडे ठेवतां येत नसे. पेटी बिघडली कीं आंतील संग्रहही गेला. पाहण्याची सोय आणि राखण्याची सोय यांची फारकत येथूनच सुरू झाली, असें आमचें मत आहे.

आतां अंबाजोगाईच्या भगिनींच्या प्रश्नाकडे वळूं. केवळ उशिरानें पाहावयाचें असेल तर आज फारशी अडचण नाहीं. सह्याद्री वाहिनीचे पुष्कळ कार्यक्रम यूट्यूबवर चढविलेले असतात. प्रसार भारतीनें २० नोव्हेंबर २०२४ रोजीं गोव्याच्या चित्रपट महोत्सवांत ‘वेव्हज’ हें स्वतःचें ॲप सुरू केलें. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर आणि सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर मिळतात. मात्र सासूबाईंच्या हातीं मोबाइल देऊन मोकळें होऊं नये. लहान पडद्यावर त्यांचे डोळे शिणतात, आणि माजघरांत एकटें बसून कीर्तन ऐकण्यांत काय गोडी? जुन्या संचासही जोडतां येईल असें छोटें उपकरण बाजारांत मिळतें. तें लावून मोठ्या पडद्यावर सर्वांनीं मिळून पाहावें, हें उत्तम.

ज्यांस खरोखर मुद्रणच करावयाचें आहे, त्यांच्यासाठीं आमच्या मतें आज सर्वांत सुलभ मार्ग दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’चा. ही सेवा डिसेंबर २००४ मध्यें सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाहीं, आणि सह्याद्री वाहिनी तींत आहे. तिच्यासाठीं बाजारांत मिळणाऱ्या अनेक पेट्यांस पेन ड्राइव्ह लावण्याची खांच व रिमोटवर मुद्रणाची कळ असते. साध्या चित्रास तासाला एक-दोन जी. बी. जागा लागते; म्हणजे ३२ जी. बी. च्या पेन ड्राइव्हवर आठवड्याचें कीर्तन सहज मावेल. विकत घेतांना दुकानदाराकडून पांच मिनिटें मुद्रण करवून घ्यावें आणि तें संगणकावर चालतें कीं नाहीं हें तेथेंच पाहावें. पेटी व डिश इन्व्हर्टरवर घ्यावी, म्हणजे वीज गेली तरी ऐन रंगांत आलेलें आख्यान तुटणार नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत खाजगी व वैयक्तिक उपयोगापुरत्या न्याय्य व्यवहारास मुभा आहे. पण प्रती विकणें किंवा मंडपांत लोक जमवून दाखविणें ही गोष्ट निराळी. तो मोह टाळावा.

माजलगांवच्या गृहस्थांस मात्र आमचें उत्तर थोडें निकडीचें आहे. कॅसेटी भंगारांत देऊं नका. ‘सारें आतां मोबाइलवर मिळतें’ हा समज घातक आहे. या सेवांवरील मालिका आपल्या मालकीच्या नसतात. करार संपला कीं त्या उतरविल्या जातात, कंपन्या एकमेकींत विलीन होतात, नांवेंही बदलतात. फेब्रुवारी २०२५ मध्यें जिओसिनेमा व हॉटस्टार एक झाले, हें ताजें उदाहरण आहेच. आणि संस्था तरी सगळें राखतात असें कोठें आहे? ब्रिटनच्या बी. बी. सी. नें १९६० व १९७० च्या दशकांत कित्येक फिती पुसून पुन्हां वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या तिच्या गाजलेल्या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग त्यामुळें नाहींसे झाले. त्यांचा आवाज तेवढा शिल्लक आहे, तो प्रेक्षकांनीं घरीं बसून टेप केला होता म्हणून. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें मॅरियन स्टोक्स नांवाच्या बाई होत्या, पेशानें पूर्वीच्या ग्रंथपाल. २०१२ सालीं त्या वारल्या. तोंवर तीसहून अधिक वर्षें त्यांनीं वृत्तवाहिन्यांचें घरीं अखंड मुद्रण केलें. सुमारें ७०,००० कॅसेटींचा तो संग्रह पुढें इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेला. त्यांच्या हयातींत तें वेड वाटलें असेल. आज अभ्यासक त्याचा उपयोग करतात.

आपल्या घरांत सत्तर हजार कॅसेटी नसतात, ही देवाची कृपा. चाळीस-पन्नासांची निवड मात्र विचारपूर्वक करावी. ‘रामायण’ मागें ठेवलें तरी चालेल. दूरदर्शननें तें २८ मार्च २०२० पासून टाळेबंदींत पुन्हां दाखविलें, आणि तें अन्यत्रही मिळतें. आधीं घ्यावें तें, जें आपल्या घरावांचून कोठेंही नाहीं : मुंज, लग्न, वास्तुशांत, आजोबांचें प्रवचन, आपल्या गांवच्या माणसाची सह्याद्रीवरील मुलाखत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या बातम्या कोणीं टिपल्या असतील, तर त्याही पहिल्या रांगेंत घ्याव्या.

प्रत्यक्ष कृति अशी. कॅसेटीच्या खिडकींतून फितीची कडा पाहावी. पांढरी किंवा करडी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी, आणि ती कॅसेट यंत्रांत मुळींच घालूं नये. यंत्राचें डोकें बिघडतें आणि लागण पुढच्या कॅसेटीस होते. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी. चांगल्या कॅसेटीच्या पाठीवरील प्लॅस्टिकची लहान पट्टी मोडून टाकावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरें कांहीं मुद्रित होत नाहीं. बीडच्या उन्हाळ्यांत पारा चाळिसावर जातो. पत्र्याखालचा माळा त्यांना वैरी आहे. आंतल्या खोलीच्या कपाटांत पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. तालुक्याच्या गांवीं लग्नाचें चित्रण करणाऱ्यांपैकीं एखाद्याकडे चालू यंत्र असतें. तीन तासांची कॅसेट उतरवावयास तीनच तास लागतात, तेव्हां घाई करूं नये; सबंध ट्रंक न देतां चार-चार कॅसेटी द्याव्या. अमेरिकेंतील लेकीनें पूर्वीं पाठविलेल्या कॅसेटी निराळ्या पद्धतीच्या असतात; आपली पद्धति ‘पाल’, त्यांची ‘एनटीएससी’. आपल्या यंत्रावर त्यांचें चित्र नीट दिसलें नाहीं, तर त्या बिघडल्या असें समजूं नये. उतरविलेल्याच्या दोन प्रती निरनिराळ्या हार्ड डिस्कवर करून एक घरीं आणि दुसरी पुण्यास किंवा संभाजीनगरास धाकट्या दिरांकडे ठेवावी, आणि वर्षांतून एकदां दोन्ही उघडून पाहाव्या.

अंबाजोगाई हें मुकुंदराजांचें व दासोपंतांचें गांव. दासोपंतांनीं (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हा वेदांतविषय सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडी पासोडीवर लिहिला. ती पासोडी आजही अंबाजोगाईस आहे. कापडाचें आयुष्य तें किती! पण ही आपली जबाबदारी आहे असें कोणीतरी प्रत्येक पिढींत मानलें, म्हणून तें चारशें वर्षें टिकलें. आपल्या घरच्या फिती तर अवघ्या तीस-पस्तीस वर्षांच्या आहेत.

आणखी एक गोष्ट, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. १९९० च्या लग्नाच्या फितींत पंगतीस बसलेलीं माणसें कोण, मांडवाच्या खांबाशीं उभ्या असलेल्या नऊवारींतल्या आजी कोणाच्या कोण, हें सांगणारीं माणसें घरांत आतां दोन-चारच उरलीं असतील. फितीस एखादें वर्ष उशीर झाला तर कदाचित् चालेल. त्यांच्या बाबतींत तसें म्हणवत नाहीं. म्हणून येत्या दिवाळींत सारीं घरीं जमलीं म्हणजे नातवानें यंत्र लावावें, आत्याबाईंनीं व आजोबांनीं चेहरे ओळखावे, आणि ज्याचें अक्षर चांगलें त्यानें वहींत कॅसेटीचा क्रमांक, साल, प्रसंग आणि नांवें लिहून काढावीं. पहिल्या दिवशीं एकच कॅसेट झाली तरी पुरे.