रक्तदाब गावातच मोजा
गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतले २०११ ते २०१३ या काळातील मृत्यू तपासले, तेव्हा पहिले कारण निघाले पक्षाघात. साधारण सातांतला एक मृत्यू त्याने झालेला! आमची नागभीडची धानपट्टी तिथून दूर नाही. पक्षाघाताच्या मुळाशी बहुतेकदा उच्च रक्तदाब असतो; तो दुखत नाही, म्हणून कोणी मोजत नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, सुकी मासळी असली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यावर तंबाखूचा खर्रा आहेच. मीठ कमी करणे घराच्या हातात आहे, पण तपासणी आणि गोळ्या उपकेंद्रातच, खंड न पडता मिळायला हव्यात. कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून गोळ्यांसाठी ब्रह्मपुरीला कोण जाईल?